नंबराला लावलेली कॅन

मी रॉकेलची कॅन बोलतेय. पाच लिटरची, प्लास्टिकची, एके काळी पिवळी. आता माझा रंग कोणता, ते मला विचारू नका. नाकाला पदर लावून ऐकणार असाल तर जरा लांब उभ्या राहा. वास येतो मला. येणारच. अत्तर भरायला कुणी मला आणलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मी गोड बोलणारी नाही. छत्र्या, नद्या, म्हातारी झाडं आपली कहाणी सांगायला बसतात तेव्हा 'हे मानवा' म्हणून सुरुवात करतात आणि शेवटी डोळे पुसतात. मला तेवढी सवड नाही. जन्मभर उन्हात उभं राहणं हे माझं काम, आणि उन्हात उभं राहून कुणाचं तोंड गोड राहिलंय?

माझं खानदान मात्र मोठं आहे बरं. जमिनीच्या पोटातून तेल उपसतात, त्याचं पेट्रोल होतं, डिझेल होतं, रॉकेल होतं, आणि त्याच तेलाचं आणखी काहीबाही करून प्लास्टिक होतं. त्या प्लास्टिकची मी. म्हणजे रॉकेल माझं चुलत भावंड लागतं. ज्या तेलापायी जगात लढाया होतात, त्या घराण्यातली मी लेक, आणि आलीये दिंद्रुडात, बंकटच्या रेशन दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायला.

आधी माझ्यात इंजिन ऑईल होतं. पोटावर चकचकीत कागद होता, त्यावर पळणारी मोटार होती. मला वाटलं, आता आपण मोटारीतून फिरणार. कसलं काय! सलीम मेकॅनिकच्या गॅरेजात आले, एका ट्रॅक्टरनं मला एका घोटात रिकामं केलं आणि मी जाऊन पडले जुन्या टायरांच्या ढिगात.

तिथून मला उमाबाईनं उचललं. तिच्या स्टोचा पंप हवा धरेना, म्हणून ती वॉशर बदलायला सलीमकडं आली होती. सलीमची आई मदिनाबी तिची शेजारीण, स्टँडवर पेरू-बोरं विकते. सलीम म्हणाला, "मौशी, ही कॅन घेऊन जा. धुतली की कामाला येतीय." उमाबाईनं मला सोडा टाकून, राख लावून, गरम पाण्यानं इतकं घासलं की तो मोटारीचा कागद निघून गेला. झाकण हरवलं होतं, तिथं बाभळीचं बूच बसवलं. मुठीला जुन्या इरकलीची चिंधी बांधली, ओळख पटावी म्हणून. तेव्हापासून मी तिची.

उमाबाई स्टँडसमोर खाणावळ चालवते. भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कधी पिठलं. जेवायला शाळेतले मास्तर, बँकेतला शिपाई, आणि मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. नवरा सिद्धाराम तापानं गेला. मागं ठेवून गेला एक खोली, एक पितळी स्टो आणि एक धाकटा भाऊ. खोली कामाची, स्टो कामाचा.

भावाचं नाव विरुपाक्ष. ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे त्याचं, पण गल्लीत आत. गिऱ्हाईक आत येत नाही. त्याला हवी होती ही स्टँडसमोरची खोली. सिद्धारामचा दिवस घातल्यावर त्यानं भाऊबंद गोळा केले आणि वडिलांची जागा दोघांची आहे असा विषय काढला. भाऊबंदांनी बराच वेळ तंबाखू मळून निवाडा दिला: खाणावळ चालते तोवर खोली उमाबाईची. पण अट अशी, आत लाकडाची चूल पेटवायची नाही, धुरानं भिंती खराब होतात. आणि खाणावळीला खाडा पडता कामा नये. ज्या दिवशी खाडा पडेल, त्या दिवशी खोली विरुपाक्षची.

म्हणजे बघा. त्या बाईचं सगळं जगणं कशावर उभं? स्टोवर. स्टो कशावर? माझ्यावर. आणि मी कुणावर? बंकटवर! हसा. मला तर रोज हसू येतं.

आता आमच्याकडं रॉकेलचा नंबर कसा लागतो ते सांगते. बॅरल आल्याची कुणकुण लागली की तांबडं फुटायला बाया येतात, आपापली कॅन भिंतीला लावतात आणि शेणपाण्याला, रानात निघून जातात. मग दिवसभर आम्ही उभ्या. कॅन, डबडी, कळशी, फुटक्या कानाची किटली. ज्या बाईची कॅन, ती बाई तिथं उभी आहे असं धरायचं. कॅनला कुणी हात लावत नाही. वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी असल्या तरी एकीच्या डबड्याला दुसरी पाय लावत नाही. बायनाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिनं पहाटे डबडं लावलं आणि घरी जाऊन खाटेवर जी आडवी झाली ती उठलीच नाही. तिला पुरून माणसं परत आली तरी तिचं डबडं नंबरातच होतं. बॅरल आलं, तिच्या डबड्यात रॉकेल भरलं गेलं, आणि मग शेजारणीनं ते तिच्या घरी नेऊन ठेवलं. सरकारदरबारी माणसाला एवढा मान मिळत असेल तर मला दाखवा.

ह्या नंबरात पुरुष कधी दिसत नाही. पुरुष असतो रस्त्याच्या पलीकडं, चहाच्या हॉटेलात. तिथं देशाचं इंधन धोरण ठरतं.

विरुपाक्ष पेपर आपटून म्हणायचा, "सबसिडीनं बुडवलं ह्या देशाला. रॉकेल सस्तं, गॅस सस्ता. सरकारनं फुकट कावून वाटायचं? जगाच्या बाजारात जो भाव आसंल तो घ्या. मंग बघा, बाया कशा थेंब थेंब जपतेत."

त्याच्या समोर तात्याबा. रिटायर मास्तर. ते बशीत चहा ओतून म्हणायचे, "आन् गरिबानं काय करायचं बे? अंधारात बसायचं? आपलं तेल आपण काढावं. समदं परदेशी कंपन्यांच्या हाती दिलं म्हंजे तिकडं खाडीत कुणी शिंकलं की हितं आपला दिवा विझायचा."

"मास्तर, जमाना बदलला. आता खुलं धोरण हाय."

"खुलं हाय म्हणूनच तर गार वारं लागायलंय!"

मग अणुवीज निघायची, मळीपासून इंधन निघायचं, पवनचक्क्या फिरायच्या. दुसरा चहा यायचा. एकदा उमाबाई माझी जागा बघायला आली होती, तिच्या कानावर हे पडलं. ती रस्त्याच्या अलीकडूनच म्हणाली, "भावजी, मास्तर, तुमचं दोघांचंबी लई बरोबर हाय. आता आसं करा. दोघं मिळून ही कॅन धरा, नंबरात उभं ऱ्हावा, आन् भरून घरी आणून द्या. मंग काय धोरण निघंल ते मी बसून ऐकते."

हॉटेल हसलं. विरुपाक्षचा चेहरा पडला. "वैनी, ही बायकांची कामं हायेत."

"मंग बायकांच्या कामात तोंड कशाला घालता?"

तात्याबा तेवढ्यात पेपरात शिरले.

त्या दोघांत खरं कोण बोलत होतं, हे मला विचाराल तर दोघंही. मी कॅन आहे, आंधळी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला डिझेल भडकलं. रेडिओनं सांगितलं, पेपरनं सांगितलं, एसटीच्या तिकिटानं सांगितलं. डिझेल महाग आणि रेशनचं रॉकेल सस्तं, मग रॉकेल कुठं जाणार? ट्रकच्या टाकीत. सरकार हुशार. चोरी ओळखू यावी म्हणून त्यानं रेशनच्या रॉकेलात निळा रंग टाकलेला. चोरी ओळखू आली, एवढंच झालं. ट्रकच्या टाक्यांच्या तोंडाला निळं, क्लिनरच्या बोटांना निळं, बंकटच्या मागच्या दारातल्या मातीला निळं. साऱ्या गावानं ओळखलं. ओळखून गप्प बसलं.

म्हणजे सस्तं ठेवलं तर रॉकेल माझ्यापर्यंत येत नाही, आणि महाग केलं तर उमाबाईला घेववत नाही. ह्या दोन गोष्टींच्या मधे मी रिकामी उभी होते. हॉटेलच्या बाकावरून मी दोघांनाही दिसत होते. एकानंही बघितलं नाही.

बंकट म्हणायला लागला, "वरूनच आलं न्हाई." म्हणताना आभाळाकडं बोट करायचा, जसं काही रॉकेल ढगातून पडतं. गॅसचा नंबर उमाबाईनं माजलगावला कधीचा लावला होता. तिथं तर कॅन ठेवायचीसुद्धा सोय नाही. कागदाचा नंबर. तो कुणी मागं सारला, कुणी पुढं ओढला, काही कळत नाही.

उमाबाईनं जीव लावून काटकसर केली. आमटी, पिठलं, भाकरी, सगळं एका पेटवणीत उरकायची. चहा बंद केला. एक बाटली मदिनाबीनं दिली, पण ती तरी आणखी कुठून आणणार, तिचीच कॅन कोरडी. मग एका सकाळी उमाबाईनं स्टो उचलून कानाशी हलवला. आत जे खळबळलं ते मीही ऐकलं. दुपारचं जेवण निघेल, संध्याकाळचं नाही.

आणि त्याच सकाळी विरुपाक्ष सुतळी घेऊन खोलीत आला. भिंत मापायला.

"काय मापता, भावजी?"

"काय न्हाई. फळ्या किती लागतेल ते बघायलोय. वैनी, मी काय वाईट म्हणत न्हाई. पण आट म्हंजे आट."

"मापा की. वरचं आढंबी मापा. गळफास घ्यायचा झाला तर उपयोगी पडंल."

"कुणी घ्यायचा?"

"ते संध्याकाळी ठरवू."

तो सुतळी गुंडाळून गेला. उमाबाईनं मला उचललं आणि तरातरा बंकटच्या दुकानाकडं निघाली, कारण त्या सकाळी बॅरल आल्याची बातमी होती. खरी बातमी. बॅरल उतरताना मदिनाबीनं डोळ्यांनी बघितलं होतं. आम्ही सगळ्या भिंतीला लागलो. पुढं मदिनाबीची कॅन, मग बाकीच्या, मग मी, आणि माझ्या मागं रुद्राणीची. रुद्राणी म्हणजे विरुपाक्षची बायको, उमाबाईची धाकटी जाऊ. देशातली सबसिडी बंद करायला निघालेल्या माणसाच्या घरीही स्टोच होता, आणि त्याची बायकोही नंबरालाच होती. हे त्यानं हॉटेलात कधी सांगितलं नव्हतं.

पण त्याच दिवशी गावात परिषद होती. 'देशाचं ऊर्जा धोरण आणि ग्रामीण भाग'. कापडावर लिहिलेलं. माजलगावहून साहेब यायचे होते. साहेब म्हणजे पुढारी. कोणत्या पक्षाचे ते मी सांगत नाही, पक्ष बदलला तरी जीप तीच असते. त्या जीपवर आता सलीम ड्रायव्हर होता, गॅरेज चालेना म्हणून. प्रास्ताविक करणार होता विरुपाक्ष. आणि मांडव कुठं? बंकटच्या दुकानाशेजारी, आमच्या भिंतीला लागून. सपाट जागा, लिंबाची सावली.

मांडववाल्यांनी आम्हाला बघितलं आणि काय केलं ते ऐका. दोन-दोन, तीन-तीन कॅन उचलल्या आणि दुकानामागं फेकल्या. ढीग! कोण पुढं, कोण मागं, सगळं गेलं. बायनाबाईच्या मरणानं जो नंबर मोडला नाही, तो परिषदेनं मोडला.

बाया धावत आल्या. आणि आल्या आल्या एकमेकींवर तुटून पडल्या. "माझी पहिली होती!" "तुझी कुठली, तुझी तर किटली होती!" ही आमच्या बायांची नेहमीची चूक. ज्यानं फेकलं तो बाजूला उभा राहून बिडी ओढतो आणि ह्या एकमेकींच्या झिंज्या धरतात.

उमाबाई मधे शिरली. "गप बसा गं! आपल्या म्होरं कोण होतं ते कुणी सांगू नका. आपल्या मागं कोण होतं तेवढं सांगा."

कोण पुढं होतं हे विचारलं तर बाई खोटं बोलेल. मागं कोण होतं ह्यात खोटं बोलून मिळायचं काय? "माझ्या मागं ही किटलीवाली." "माझ्या मागं ही लाल डबडीवाली." भराभर नंबर पुन्हा जुळला. फक्त भिंतीला आता मांडव होता. मग नंबर लावायचा कुठं? उमाबाई म्हणाली, "दुकानाच्या दारापासनं सरळ." सरळ म्हणजे रस्ता. आम्ही दाराच्या पायरीपासून निघालो आणि डांबरी रस्ता ओलांडून थेट चहाच्या हॉटेलाच्या बाकाला टेकलो. तात्याबांनी पाय वर घेतले.

बंकट दारात आला. "आगं बायांनो, हे काय? रॉकेल कार्यक्रम झाल्यावर. उरलं तर."

"उरलं तर म्हंजे?" उमाबाई म्हणाली. "कोण पिणार हाय ते?"

नेहमीप्रमाणं लाईट गेलेली होती आणि मांडवामागं जनरेटर धडधडत होता. मी रस्त्याच्या मधोमध, वारं माझ्याकडंच. मला लगेच वास आला. भावंडाचा वास कोण विसरेल? पण मला तोंड कुठंय. बरं झालं, मदिनाबी जन्मभर गॅरेजमागं राहिलेली. तिनं मान वर केली, नाक फेंदारलं.

"उमा, ये डिझेल का धुव्वा नै. घासलेट जळायलंय."

ती मांडवामागं गेली. ताडपत्री उचलली. जनरेटरशेजारी बॅरल, निम्म्याच्या खाली उतरलेलं, आणि तिथला माणूस डिझेलमधे निळं मिसळत बसलेला. मदिनाबी तिथूनच ओरडली, "बंकट्या, तुज्या माईकला स्टोवर सैपाक करायचा हाय का रे?"

तेवढ्यात हॉर्न वाजला. साहेबांची जीप आली, मागं आणखी दोन. आणि जीप आमच्यापुढं येऊन थांबली.

साहेब आतून म्हणाले, "काय झालं? घाल की पुढं. डबडीच तर हायेत."

सलीम स्टेअरिंग धरून म्हणाला, "न्हाई साहेब. नंबर लागलाय."

"कसला नंबर?"

"रॉकेलचा. माज्या अम्मीची कॅन हाय त्यात."

"आरं मग बाजूला सार!"

"मी सारत नसतो, साहेब. तुमी म्हणलाव तर चावी देतो. पण नंबराला मी पाय लावत नसतो."

मांडवातले कार्यकर्ते धावले, पण ज्याची आई, मावशी, बायको ह्या नंबरात नाही असा त्यांत एकही नव्हता. पहिला हात कुणी घालायचा? सगळे एकमेकांना पुढं ढकलायला लागले. माजलगावच्या कुठल्याशा साप्ताहिकाचा फोटोवाला मात्र खूष झाला, त्यानं खाली वाकून आमचा फोटो काढला. आयुष्यातला माझा पहिला आणि शेवटचा.

फोटो निघताना बघून साहेब खाली उतरले. त्यांना वाटलं, मोर्चा आहे. मोर्चापुढं काय बोलायचं ते त्यांना पाठ होतं. हात जोडले. "माता-भगिनींनो, तुमच्या भावना मी समजू शकतो. जागतिक बाजारात तेलाचे भाव चढलेले आहेत. रुपया घसरलेला आहे. देश एका मोठ्या परिवर्तनातून जात असताना आपण सगळ्यांनी थोडी कळ सोसली..."

"आवो साहेब," उमाबाई म्हणाली, "ह्यो मोर्चा न्हाई. कुणाचा निषेध न्हाई आन् काय न्हाई. आमी नंबर लावलाय. तुमाला पलीकडं जायचं आसंल तर मागून या आन् नंबर लावा."

"बरं, पण रॉकेल आलं नसेल तर नंबर लावून काय..."

"आलंय की. तुमच्या मांडवामागं जळायलंय. तुमी बचतीवर जे भाषण करणार हाव ना, ते आमच्या रॉकेलावर चालू हाय."

साहेबांनी बंकटकडं बघितलं. बंकटनं आभाळाकडं बघितलं. ह्या खेपेला बोट केलं नाही.

मांडवात मात्र हे काही पोचलं नव्हतं. विरुपाक्षनं हॉर्न ऐकला, साहेब आले असं समजून प्रास्ताविक सुरू केलं. भोंग्यातून आवाज येत होता, "थेंब थेंब इंधन वाचवणं ही प्रत्येक गृहिणीची जबाबदारी..." आम्ही रस्त्यावर उभ्या राहून ऐकत होतो. एकजण फिस्सकन् हसली आणि मग साऱ्याच हसायला लागल्या. फोटोवाला साहेबांकडं वळला. साहेबांनी चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "बंद करा तो जनरेटर. आधी ह्या भगिनींना द्या."

भोंगा गृहिणीच्या जबाबदारीवरच मेला. विरुपाक्षचं तोंड थोडा वेळ तसंच हलत राहिलं.

बॅरल ढकलत दारात आणलं. माप पडायला लागलं. मदिनाबीची कॅन भरली, तिच्या मागच्या एकेक करून भरल्या. बॅरल कलतं करावं लागलं. मग माझी पाळी. नरसाळं माझ्या तोंडात आलं आणि पहिली धार पोटात पडली तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझाही कडकपणा थोडा उतरला. निम्म्याच्या वर भरले. मग धार बारीक झाली, मग थेंब, मग नुसतं बॅरल ठोकल्याचा आवाज.

माझ्या मागं रुद्राणीची कॅन होती. कोरडी.

तिच्या मागच्या बाया बंकटला शिव्या घालायला लागल्या. रुद्राणीनं बॅरलकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं. रिकामी कॅन उचलून घरी गेली. उमाबाईला थांबायला वेळ नव्हता. मला कडेवर घेऊन ती जवळजवळ पळत खोलीवर आली, स्टोत रॉकेल ओतलं, पिन मारली, पंप मारला. स्टोनं फर्रकन् आवाज धरला. मला विचाराल तर त्या दिवशी दिंद्रुडात तेवढंच एक भाषण कामाचं झालं.

दिवेलागणीला विरुपाक्ष आला. सोबत तेच दोन भाऊबंद, आणि हातात कुलूप. तो साहेबांची समजूत काढत माजलगावपर्यंत गेला होता, आणि बॅरल संपलं एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. दारात येतो तर आत स्टो चालू, पंगत बसलेली, कंडक्टर आमटीत भाकरी कुस्करतोय.

तो उंबऱ्यावरच बसला. "आज पेटला. किती दिवस पेटंल? दोन? धोरणच आसं हाय वैनी, रॉकेल आता मिळणारच न्हाई. आज न्हाई उद्या खाडा पडणारच हाय. मंग आजच काय ते..."

"बसा," उमाबाई म्हणाली. "इझायची वाट बघा." आणि भाकरी थापत राहिली.

तेवढ्यात रुद्राणी आली. पदराला दोन्ही लेकरं, हातात घरची ताटं. नवऱ्याला ओलांडून आत गेली आणि पंगतीला ताटं मांडली. एक, दोन, तीन आणि चौथं.

"ही काय तऱ्हा?" विरुपाक्ष म्हणाला.

"घरचा स्टो थंड हाय. सकाळपासनं लेकरं उपाशी हायेत. कुलूप लावायचं आसंल तर आधी आपल्या सैपाकघराला लावा." मग ती भाऊबंदांकडं वळली. "आट तुमच्याच म्होरं झालती ना? मंग आता माझंबी ऐका. आक्काच्या स्टोला ज्या दिवशी रॉकेल नसंल, त्या दिवशी माझ्या घरचं मी हितं आणून ओतीन. खाडा पडला तर आमच्या घरात पडंल. हितं न्हाई पडायचा."

भाऊबंदांनी एकमेकांकडं बघितलं. तंबाखू मळायला काढली, पण समोर गरम आमटीचा वास होता. त्यांनी तंबाखू परत खिशात घातली आणि चपला काढल्या.

"आन् मी?" विरुपाक्ष म्हणाला. "मी काय खाऊ?"

"चौथं ताट कुणाचं हाय मंग?" उमाबाई म्हणाली. "हात धुवा, भावजी."

तो बसला. कुलूप कुठं ठेवावं कळेना, ते त्यानं मांडीखाली घेतलं. दुसरी भाकरी मोडल्यावर त्याला जरा हुशारी वाटली. म्हणाला, "तसं बघितलं तर, सबसिडी..."

"जेवा मुकाट्यानं," रुद्राणी म्हणाली.

त्याला आता बरेच दिवस झाले. रुद्राणीनं शब्द पाळला. दोनदा तिच्या कॅनमधलं रॉकेल ह्या स्टोत आलं, आणि दोनदा विरुपाक्ष घरदार घेऊन इथं जेवला. तिसऱ्या खेपेला तो स्वतः कॅन घेऊन नंबरापर्यंत आला होता. लावली नाही. कुणी बघतंय का बघून बायकोच्या हाती दिली आणि हॉटेलात गेला. एवढीच प्रगती.

माझं आता वय झालं. बुडाला चीर गेली होती, ती उमाबाईनं उलथनं तापवून डागून बंद केली. कधी झिरपेन सांगता येत नाही. आज पुन्हा बॅरल यायचं म्हणतात, भाव पुन्हा वाढला म्हणतात, आणि पलीकडं हॉटेलात त्यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. दिल्लीतही चालू असेल. चालू द्या.

पण हे धोरण ठरवणाऱ्यांनो, एक दिवस तुम्हीही या. भाषण आणू नका, फोटोवाला आणू नका. घरची कॅन आणा, तांबडं फुटायला या, आणि दिवसभर उभं राहा. मला पाय न लावता मागं जा. माझ्या मागं रुद्राणीची कॅन आहे. तिच्या मागं जागा मोकळी आहे.